अनेक अंतरमापक कॅमेऱ्यांचा एकत्र उपयोग

गाईच्या एकाच बाजूस उभे राहून तिच्या छातीचा घेर कळत नाही. समोरच्या प्रत्येक बिंदूचे अंतर मोजणाऱ्या कॅमेऱ्यालाही पलीकडची बाजू दिसत नाही. म्हणून जनावराच्या किंवा झाडाच्या भोवती असे तीन-चार कॅमेरे लावावे लागतात. अडचण येते ती येथेच. २०१० साली खेळासाठी बाजारात आलेला पहिला ‘किनेक्ट’ कॅमेरा डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे ठिपके वस्तूवर टाकीत असे व ते किती सरकले यावरून अंतर काढी. शेजारच्या कॅमेऱ्याचे ठिपके त्यांत मिसळले, की मोजणी चुके व चित्रात भोके पडत.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या अँड्र्यू मेमोन व हेन्री फुक्स यांनी २०१२ साली यावर सोपा उपाय मांडला. कॅमेऱ्यास लहानशी मोटर बसवून तो किंचित थरथरता ठेवावयाचा! त्याचे स्वतःचे ठिपके त्याच्याबरोबरच हलतात, म्हणून त्यास ते स्पष्ट दिसतात. इतरांचे मात्र पुसट होतात. अशा रीतीने प्रत्येकास आपले ठिपके ओळखता येतात.

भर उन्हात हे ठिपके सूर्यप्रकाशातील अवरक्त किरणांत बुडून जातात. तेव्हा अशा कॅमेऱ्याने मोजणी करावयाची झाल्यास जनावर गोठ्याच्या सावलीत उभे करावे. उभ्या पिकाची मोजणी सूर्यास्तानंतर करावी.