एका संगणकात दोन बिऱ्हाडे

संगणक विकत घेतला की त्याच्याबरोबर विंडोज येते आणि ती कायमचीच असते, असा आपल्या कलाशाखेत सर्वसाधारण समज आहे. वास्तविक यंत्र वेगळे आणि ते चालविणारी कार्यप्रणाली वेगळी. वाडा आणि त्यात राहणारे बिऱ्हाड यांत जो फरक, तोच हा. एका वाड्यात दोन बिऱ्हाडे नांदतात, तशा एका संगणकात दोन कार्यप्रणाली राहू शकतात. मात्र एका वेळी एकीचीच चूल पेटते. यंत्र सुरू करताना कोणती जागी करायची, ते आपण ठरवायचे. यालाच 'ड्युअल बूट' म्हणतात.

मला या विषयात शिरावे लागले ते आमच्या मराठी विभागातील ओव्यांमुळे. पूर्वीच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव हिंडून जमविलेल्या जात्यावरच्या ओव्या विभागातील संगणकात जुन्या फाँटमध्ये टंकलिखित केलेल्या आहेत. युनिकोडपूर्वीच्या या फाँटांची रीत अशी, की रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत. फाँट काढून घेतला की ओवीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी उरते. शिवाय हे टंकन ज्या सॉफ्टवेअरमध्ये झाले, ते केवळ विंडोजवर आणि संगणकाला खोचलेल्या एका लॉकच्या आधारानेच चालते. इकडे विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि नव्या पिढीचा प्रोसेसर हवा. आमचा सहाव्या पिढीचा इंटेल तिला चालत नाही. म्हणजे विंडोज काढावी तर ओव्या मुक्या होणार, आणि तशीच इंटरनेटला जोडून ठेवावी तर विषाणूंना दार उघडे. तेव्हा विंडोज ठेवायची, पण इंटरनेटपासून तोडून. आणि शेजारी उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती बसवून रोजचे काम तिच्यात करायचे, असे ठरले. एका प्रणालीच्या पोटात दुसरी चालविण्याचीही युक्ती आहे. परंतु चार जीबी स्मृतीच्या यंत्रात ती म्हणजे म्हाताऱ्या बैलाला दोन नांगर जुंपण्यासारखे आहे.

दोन बिऱ्हाडांसाठी आधी वाटणी हवी. १९८३ साली पीसी-डॉस २.० बरोबर हार्ड डिस्कच्या वाटणीची जी पद्धत आली, तिच्यात डिस्कचे पहिले ५१२ बाइट हाच सारा दप्तरखाना होता. त्यातील ४४६ बाइट यंत्र सुरू करणाऱ्या आज्ञांसाठी आणि ६४ बाइट वाटण्यांच्या नोंदींसाठी. हा सातबारा इतका आखूड, की त्यावर मुख्य वाटण्या चारच मावत. शिवाय सुरुवातीच्या आज्ञांची जागा एकच असल्याने जी प्रणाली मागाहून येई, ती पहिलीची पाटी पुसून टाकी. आधी विंडोज व मग लिनक्स, हा नियम त्यातूनच आला. कारण लिनक्सचा द्वारपाल शेजाऱ्याची दखल घेतो, विंडोज सहसा घेत नाही. आताच्या यूईएफआय पद्धतीच्या यंत्रांत जीपीटी नावाचा तक्ता असतो. त्यात साधारणतः १२८ वाटण्यांची सोय असते आणि प्रत्येक प्रणाली आपला आरंभक एका छोट्या सामाईक वाटणीत ठेवते.

गंमत अशी, की लिनक्सचा जन्मच अशा शेजारात झाला. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांच्या संगणकात मिनिक्स ही प्रणाली होती व तिच्याच आधाराने ते आपली नवी प्रणाली लिहीत होते. एके दिवशी मोडेमला पाठवायच्या आज्ञा चुकून हार्ड डिस्कवर गेल्या आणि मिनिक्सची वाटणी बिघडली. ती पुन्हा बसविण्याऐवजी त्यांनी आपल्याच प्रणालीवर काम करायचे ठरविले. शेजाऱ्याचे घर पडले म्हणून आपले घर पुरे झाले, असा हा प्रकार!

आता प्रत्यक्ष कृती. सर्वप्रथम सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी; ही पायरी गाळणाऱ्याने पुढे वाचूच नये. बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे, कारण ते चालू असता विंडोज पुरती झोपत नाही, अर्धवट डुलकी घेते. आणि अशा वेळी लिनक्सने तिच्या वाटणीत लिहिल्यास मजकूर बिघडू शकतो. मग विंडोजच्याच 'डिस्क मॅनेजमेंट'मधून तिची वाटणी आखडून जागा मोकळी करावी. आम्ही ५०० जीबीपैकी १०० जीबी घेतली, पंचवीस-तीसमध्येही भागते. त्यानंतर रूफससारख्या सॉफ्टवेअरने आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर उबुंटू उतरवावी आणि यंत्र त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावे. काहीही न बसविता ती चालवून पाहता येते. छपाईयंत्र, आवाज, मराठी कळफलक यांची परीक्षा तेव्हाच घ्यावी.

पुढे खरा कसोटीचा क्षण येतो. बसवणी सुरू झाली की पडद्यावर दोन पर्याय दिसतात: विंडोजच्या शेजारी बसवा, अथवा डिस्क पुसून बसवा. दुसऱ्यावर बोट पडले तर ओव्या गेल्याच म्हणायच्या. येथे पडद्यावरचा प्रत्येक शब्द दोनदा वाचावा. पुढील अर्ध्या तासात आपल्याला विशेष काही करावे लागत नाही.

आता यंत्र सुरू होताच ग्रब नावाचा द्वारपाल काही सेकंद थांबून कोणाकडे जायचे ते विचारतो. इंटरनेटला जोडलेल्या विंडोजच्या दुरुस्त्या कधीकधी त्याला बाजूला सारतात. ऑगस्ट २०२४ मधील एका दुरुस्तीनंतर तर कित्येकांची लिनक्स सुरूच होईना. आमची विंडोज इंटरनेटपासून तोडलेली असल्याने ती धास्ती नाही. लिनक्सला विंडोजच्या फाइली वाचता येतात, उलट मात्र नाही. म्हणून युनिकोडमध्ये रूपांतर केलेल्या ओव्या विंडोजच्याच वाटणीत ठेवतो व उबुंटूत उघडून तपासतो. रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा सोडतात, तेव्हा प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावीच लागते.

राहता राहिले घड्याळ. यंत्रातील घड्याळ लिनक्स ग्रिनिचच्या वेळेवर लावते, तर विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. त्यामुळे उबुंटूतून विंडोजमध्ये परतले की घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. इंटरनेट असते तर विंडोजने ते यथावकाश सुधारले असते. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेने स्थानिक वेळ पाळायला सांगितले की तंटा मिटतो. तोवर सकाळी अकराच्या सुमारास विंडोजमध्ये रूपांतर केलेल्या पहिल्या काही फाइलींवर पहाटे साडेपाचची वेळ उमटली होती. जात्यावर बसण्याची वेळ ती; म्हणून ती तशीच राहू दिली.