घोटा आणि पायांचे बळ

अंबरनाथच्या बुवापाड्यातील मुले शहरातील प्राचीन शिवमंदिर पाहावयास जातात, तेव्हा त्यांना गाभाऱ्यासाठी पायऱ्या उतराव्या लागतात. हे मंदिर इ. स. १०६० मधील आहे. पुढचे पाऊल खालच्या पायरीवर टेकेपर्यंत शरीराचा सारा भार मागच्या पायावर असतो. त्या पायाचा गुडघा वाकतो आणि नडगी पावलावर पुढे झुकते. नडगीचे हे झुकणे ज्या सांध्यात घडते, तो सांधा म्हणजे घोटा होय.

गुडघ्याखालील दोन हाडांची टोके व पावलाचे एक हाड मिळून हा सांधा बनतो. पोटरीचे स्नायू एका जाड कंडरेने टाचेला जोडलेले असतात. पोटरी आखडली, की ही कंडरा टाचेला वर ओढून धरते व घोटा पुरता वाकत नाही.

याचा परिणाम साऱ्या पायावर होतो. उकिडवे बसताना टाचा उचलल्या जातात, नाहीतर तोल मागे जातो. बैठका काढताना शरीर पुरते खाली जात नाही; त्यामुळे मांडीच्या व नितंबांच्या स्नायूंना पूर्ण व्यायाम घडत नाही. मूळचा सशक्त स्नायूही वाव न मिळाल्याने हळूहळू आखडतो व दुबळा होतो. उलट, खो-खोच्या खेळात ज्याचा घोटा मोकळा व पोटरी बळकट, तो गडी 'खो' मिळताच चटकन झेपावतो.

आपला घोटा कसा आहे, हे सहज पाहता येते. भिंतीकडे तोंड करून एक पाऊल पुढे ठेवावे आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवावा. पाऊल थोडेथोडे मागे घेत जावे. अंगठा भिंतीपासून सुमारे १० सेंटिमीटर दूर असतानाही गुडघा टेकला, तर घोटा चांगला मोकळा आहे असे समजावे. दोन्ही पाय असेच तपासून पाहावेत.

घोटा ताठ असल्यास पायरीच्या कडेवर चवडे ठेवावेत, कठडा धरावा, टाचा सावकाश खाली सोडाव्यात व पुन्हा वर उचलाव्यात. याने पोटरी ताणली जाते आणि बळकटही होते. दुखू लागल्यास मात्र थांबावे व डॉक्टरांना दाखवावे.

दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्याच्या घोट्याला वाकण्याचे काम क्वचितच पडते, आणि ज्या सांध्याला काम नाही, तो ताठरतो. म्हणून रोज थोडा वेळ उकिडवे बसावे, चालावे, खेळावे. पायांचे बळ घोट्याच्या मोकळेपणावरही अवलंबून असते.