शर्यतीच्या खालच्या टोकाला दोन बोये कशासाठी?

मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा पाहिलेल्यांना बोया म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पोहणारा बोयापर्यंत जातो, ठरलेल्या बाजूने वळसा घालतो आणि परततो. शिडाच्या बोटींच्या शर्यतीत मात्र हाच प्रेक्षक गोंधळतो. वाऱ्याकडच्या बोयाला सगळ्या बोटी एकाच बाजूने वळतात. वारा पाठीशी घेऊन खाली आल्या की तिथे दोन बोये असतात. काही बोटी डावीकडे वळतात, काही उजवीकडे, आणि कुणीतरी नियम मोडला असं वाटतं.

तसं नसतं. बोयांच्या या जोडीला लीवर्ड गेट म्हणतात. वरून येऊन दोन्ही बोयांच्या मधून जायचं आणि मग त्यांतल्या कोणत्याही एकाला वळसा घालून पुन्हा वाऱ्याकडे निघायचं, एवढीच अट असते. मधून न जाता बाहेरूनच वळलं तर मात्र मार्ग चुकला.

‘गर्दी टाळायला दोन बोये ठेवतात’ हे उत्तर निम्मंच खरं आहे. एकच बोया असला की वीस-तीस बोटी एका कोपऱ्यावर येऊन आदळतात आणि बाहेरच्या बोटींना मोठा फेरा पडतो, म्हणून गेट उपयोगी पडतं. पण त्याहून मोठी गोष्ट पुढे घडते. खाली येताना डाव्या हाताला असलेल्या बोयाला वळलेली बोट डाव्या बाजूने वारा घेत, वर पाहताना दिसणाऱ्या मैदानाच्या उजव्या भागात जाते. उजव्या बोयाची बोट डाव्या भागात निघते. म्हणजे बोया निवडताना खलाशी पुढच्या संपूर्ण चढाची बाजू निवडतो. समोरासमोर आल्यावर डाव्या बाजूने वारा घेणाऱ्या बोटीने दुसरीला वाट द्यायची असते, तेही हिशेबात धरावं लागतं. शर्यतीतला हा सगळ्यात चांगला क्षण आहे, आणि समालोचनात त्याला क्वचितच पुरेसा वेळ मिळतो.

‘जवळचा बोया घ्यावा’ हा खलाशांमध्येही आढळणारा गैरसमज. दोन्ही बोये वाऱ्याला अगदी काटकोनात राहणं कठीण, कारण वारा सतत थोडाथोडा फिरतो. इल्का ७ ही एकट्याने चालवायची बोट सुमारे ४.२ मीटर लांब आहे. बोटीच्या दहापट रुंदीचं, म्हणजे ४२ मीटरचं गेट धरू. वारा १० अंश फिरला, तर एक बोया दुसऱ्यापेक्षा सुमारे ७ मीटर वर येतो. तो घेणाऱ्याचं उतरताना ७ मीटर आणि चढताना ७ मीटर अंतर वाचतं, म्हणजे तीन बोटींहून जास्त. पण सगळे त्याच बोयाकडे धावले आणि आपण बाहेर चौथ्या रांगेत सापडलो, तर ही बचत तिथेच संपते. अशा वेळी मोकळा बोया बरा.

‘गेटजवळ नियम ढिले असतात’ हेही खरं नाही. बोयाभोवती तीन बोटींच्या लांबीचा पट्टा असतो. त्यात शिरताना आत असलेल्या बोटीला वळायला जागा द्यावी लागते. आपल्या ४२ मीटरच्या गेटात दोन्ही पट्टे वजा केले की मध्ये सुमारे १७ मीटर उरतात. गेट सहा बोटींच्या लांबीपेक्षा अरुंद ठेवलं तर पट्टे एकमेकांत शिरतात आणि कुणाचा हक्क कुठे, यावर तक्रारी सुरू होतात. एक सवलत मात्र खरी आहे. एरवी हक्काच्या आतल्या बोटीला शीड फिरवून वळायचं असेल, तर तिला बोयापासून गरजेपेक्षा लांब जाता येत नाही. गेटच्या बोयांना हे बंधन लागू नाही.

१९८२ च्या आशियाई स्पर्धेत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी मुंबईच्या समुद्रात फायरबॉल वर्गाचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा त्रिकोणी मार्ग रूढ होते. मुंबईच्या आर्मी यॉटिंग नोडचा विष्णू सरवणन २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत इल्का ७ मध्ये कांस्य जिंकला, तोवर गेट नेहमीचं झालं होतं. तरीही प्रत्येक शर्यतीला ते हवंच असं नाही. पाच-सहा बोटी असतील तर एक बोया पुरतो.

मालवणच्या पाण्यात अशी शर्यत आखायची तर काय होईल? उन्हाळ्यात दुपारनंतर वायव्येचा वारा धरतो. वरचा बोया खोल समुद्राकडे जाईल आणि गेट किनाऱ्याच्या बाजूला येईल, नेमकं जिथे खडक आहेत तिथे. खाडीच्या तोंडाजवळ भरतीचं पाणी आत ओढू लागलं की बोटी गेटवर अंदाजापेक्षा लवकर पोचतील आणि वळायला उशीर करणारी बोट बोयाच्या खाली वाहत जाईल. तेव्हा गेट किनाऱ्यापासून पुरेसं दूर, वाळूच्या तळावर हवं. मालवणच्या समुद्रातल्या किल्ल्याभोवतीच्या पाण्यात तर ते नकोच. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. तिथे प्रवाळ आहेत आणि दोन बोये म्हणजे तळाला दोन नांगर. जीपीएसच्या आधारे स्वतःची जागा राखणारे, विजेवर चालणारे बोये आता मिळतात. त्यांना नांगर लागत नाही आणि वारा फिरला की गेटही लगेच फिरवता येतं.