बॉनेटवर उरलेला सह्याद्री

कर्जत-खालापूर पट्ट्यात घरी गाडी धुणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. काळी किंवा गडद निळी गाडी बोअरच्या पाण्याने चकाचक धुवावी, उन्हात वाळायला सोडावी आणि तासाभराने पाहावं, तर बॉनेटवर, काचेवर, आरशांवर पांढरट गोल डाग उठलेले असतात. मग शाम्पू बदलून पाहिला जातो, फडकं बदललं जातं आणि शेवटी ‘बोअरच्या पाण्याने रंग जातो’ असं ठरवून माणूस मोकळा होतो. पण रंग काही असा एका धुण्यात जात नाही. ते पांढरं नेमकं काय आहे हे समजून घेतलं, तर त्याच बोअरच्या पाण्याने डाग न पडता गाडी धुता येते.

ते पांढरं म्हणजे सह्याद्रीचा कातळ आहे, पाण्यात विरघळून आलेला.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि त्यातून आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट तयार झाला. माथेरानचा डोंगर, ढाक, कोथळीगड, राजमाची हे सगळं त्याच थरांचं काम. दगड पाण्यात विरघळतो हे ऐकायला नवल वाटेल, पण निव्वळ पाण्यात नव्हे, किंचित आम्ल पाण्यात तो खरंच विरघळतो. पावसाचं पाणी मातीत मुरतं तेव्हा मुळं आणि जिवाणू यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो आणि सौम्य कार्बोनिक आम्ल बनतं. हे पाणी मुरमातून, कातळाच्या भेगांतून महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं झिरपत राहतं. वाटेत फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांमधून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सिलिका उचलतं. दोनशे-तीनशे फुटांवर बोअरला लागतं ते हे पाणी. दिसायला नितळ, चवीला चांगलं, पण जड. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो, ही सगळी याच जडपणाची कामं.

आता हे पाणी बॉनेटवर थेंबाथेंबाने उरलं की काय होतं ते पाहू. जमिनीखाली कॅल्शियम बायकार्बोनेटच्या रूपात विरघळलेलं असतं. थेंब तापतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट उरतं, म्हणजे चुनखडीच. पण डाग असा गोल कड्यासारखा का, मध्ये रिकामा आणि कडेला दाट? याचं उत्तर शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दिलं. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून राहते आणि तिथे बाष्पीभवन सर्वात जोरात होतं. कडेला कमी पडलेलं पाणी भरून काढायला थेंबाच्या आतलं पाणी सतत बाहेरच्या दिशेला वाहतं आणि सोबत आणलेला ऐवज तिथेच टाकतं. टेबलावर सांडलेल्या कॉफीच्या डागाची कड गडद असते, तीही याच कारणाने.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर स्टीलचं ताट उपडं करून त्याच्या स्वच्छ पाठीवर तीन थेंब टाका: एक बोअरचा, एक नळाचा, एक फिल्टरच्या पाण्याचा. पावसाळ्यात धरलेलं पाणी असेल तर त्याचाही एक. ताट उन्हात ठेवा. वाळल्यावर बोअरच्या थेंबाचं कडं लगेच उठून दिसेल. बोटाने पुसून पाहा. त्यातला काही भाग जातो, काही चिकटून राहतो. गाडीवर नेमकं हेच होतं.

आकडा छोटाच आहे. पाण्यात लिटरला ४०० मिलिग्रॅम क्षार असतील आणि धुतल्यावर गाडीवर फुलपात्रभर, म्हणजे पाव लिटर पाणी राहिलं, तर मागे फक्त १०० मिलिग्रॅम क्षार उरतात. पण ते हजारो थेंबांत वाटले जातात आणि चकचकीत गडद रंगावर प्रत्येक थेंब आपलं कडं सोडतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक पाहिलं तर एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानला आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. म्हणजे प्यायला उत्तम असलेलं पाणीसुद्धा काचेवर डाग पाडू शकतं. बाजारात मिळणाऱ्या टीडीएस मीटरवर फार विसंबू नये. तो सगळ्या क्षारांचा एकत्र अंदाज देतो, त्यात कॅल्शियम किती हे सांगत नाही. त्यापेक्षा अर्धी बाटली पाणी, किसलेला अंगाचा साबण चिमूटभर, आणि जोरात हलवणं बरं. फेसाऐवजी वर साय धरली तर पाणी जड आहे.

एवढं सगळं जुळूनही डाग पडतो तो पाणी वाळू दिल्यामुळे. वाळण्याआधी टिपून घेतलेलं पाणी सोबत क्षारही घेऊन जातं. म्हणून गाडी सकाळी लवकर किंवा सावलीत धुवावी, बॉनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करावी. आधी साध्या पाण्याने धूळ सैल करावी, कारण रस्त्याच्या धुळीतले कण कोरड्या फडक्याखाली रंगावर ओरखडे पाडतात. वरचा पारदर्शक थर मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकाच जाड असतो. मग छप्पर, बॉनेट, दरवाजे असा एकेक भाग धुवून तो ओला असतानाच कोरड्या मऊ फडक्याने टिपावा. अख्खी गाडी धुवून झाल्यावर पुसायला घेतली की छप्पर वाळलेलं असतं. कपड्यांची पावडर वापरू नये, त्यातला सोडा गाडीवरचं मेण उतरवतो.

ताजे डाग पडलेच, तर पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून फडक्याने लावावं, अर्धा-एक मिनिटात धुवून लगेच पुसावं. चुनखडी आम्लात विरघळते, डाग जातो. पण काचेवर बरेचदा एक फिकट कडं तरीही राहतं, आणि इथे बेसॉल्टचा हिशेब पुन्हा समोर येतो. ते सिलिकाचं असतं. काचही मुळात सिलिकाचीच, त्यामुळे ते काचेला घट्ट धरतं आणि व्हिनेगरला दाद देत नाही. त्यावर चालतं ते हायड्रोफ्लोरिक आम्ल, आणि काही ‘डाग काढणाऱ्या’ द्रवांत ते किंवा त्याची संयुगं असतात. कातडीतून आत जाऊन हाडांपर्यंत इजा करणारं हे रसायन घरात आणूच नये. अशी काच पॉलिश करणाऱ्याकडून करून घ्यावी. डाग महिनोन्‌महिने उन्हात भाजत राहिले तर रंगाच्या थरालाही बारीक खड्डे पडतात, म्हणून आळस नको.

काही बोअरचं पाणी उपसताना स्वच्छ असतं आणि बादलीत तासभर ठेवलं की तांबूस होतं. त्यात विरघळलेलं लोह हवेतल्या ऑक्सिजनने गंजाच्या रूपात खाली बसतं. असं पाणी रात्रभर टाकीत ठेवून वरचं नितळ तेवढं वापरावं. वायपरच्या बाटलीत आणि रेडिएटरमध्ये मात्र कुठलंही बोअरचं पाणी घालू नये. नोझल बुजतात, थर साचतो.

अनेक बंगल्यांत आता सॉफ्टनर बसतात. त्यामागचं विज्ञान याच डोंगरात सापडतं. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातली रेल्वे खोदताना कातळाच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट असे झिओलाइट स्फटिक मोठ्या प्रमाणात मिळाले. झिओलाइट पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट गान्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम झिओलाइट वापरून पाणी मऊ करण्याची पद्धत रूढ केली. आज त्याजागी रेझिनचे मणी असतात, मिठाच्या पाण्याने धुतले की ते पुन्हा कामाला लागतात. सॉफ्टनरमधून क्षार कमी होत नाहीत, फक्त बदलतात. डाग पडतातच, पण ओल्या फडक्याने सहज निघतात. आरओमधून वाया जाणारं पाणी याच्या नेमकं उलटं, मूळ पाण्याहूनही जड. पहिला चिखल काढायला ते चांगलं, शेवटच्या धुण्याला नको.

आणि पाण्याची मोजदादही इथे करायला हवी. मुरमाड, सच्छिद्र बेसॉल्टमधून उपसता येणारं पाणी साधारण दोन टक्के धरतात. म्हणजे एक घनमीटर खडकातून निघतं २० लिटर. नळी सुरू ठेवून गाडी धुताना १५० लिटर सहज जातात, त्यासाठी साडेसात घनमीटर कातळ रिता होतो. दोन बादल्यांत तेच काम ४० लिटरमध्ये भागतं. या तालुक्यांत पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण उतार तीव्र आणि कातळाची साठवण तोकडी. टाटांच्या खोपोली आणि भिवपुरी वीजकेंद्रांतून सुटणाऱ्या पाण्यावर पाताळगंगा आणि पेज या नद्या उन्हाळ्यातही वाहतात, आणि त्याच वेळी वरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर बायका हंडा घेऊन झऱ्याशी बसलेल्या असतात. बोअर आपल्या आवारात असला तरी खालचं पाणी कुंपण ओळखत नाही. शेजारच्या वाडीची विहीर त्याच भेगांवर असू शकते.

मग चांगलं पाणी कुठून आणायचं? छपरावरून. दहा मिलिमीटरची एक सर २० चौरस मीटर पत्र्यावर २०० लिटर देते. सुरुवातीचं मळकं पाणी सोडून उरलेलं पिंपात धरावं, झाकून ठेवावं. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे शेवटचं धुणं त्याने केलं तर टिपायला उशीर झाला तरी फारसं बिघडत नाही. एप्रिल-मेमध्ये पुढची-मागची काच, आरसे, दिवे आणि नंबरप्लेट ओल्या फडक्याने स्वच्छ ठेवावी. बाकी गाडी जूनपर्यंत धुळकट राहिली तरी चालते.