दुपारचे ऊन रात्री कसे वापरायचे?

नाशिकरोडहून एकलहऱ्याकडे निघाले की औष्णिक वीज केंद्राची धुरांडी लांबूनच दिसू लागतात. तेथे २१० मेगॅवॉटचे ३ संच आहेत. म्हणजे एकूण क्षमता ६३० मेगॅवॉट. हे संच पूर्ण क्षमतेने चालले, तर २४ तासांत सुमारे दीड कोटी युनिटे वीज तयार होईल. एका युनिटाला साधारण पाऊण किलो कोळसा धरा. रोज ११ हजार टन, म्हणजे भरलेल्या ३ मालगाड्या लागतील! एकदा जाळलेला कोळसा परत मिळत नाही. मागे उरतात राख आणि कार्बन डायऑक्साइड.

मग हीच वीज नाशिकच्या उन्हातून मिळणार नाही का? हिशेब करू. १ मेगॅवॉटचा सौर संच रात्री बंद असतो, ढगाळ दिवशी मंदावतो. वर्षाची सरासरी काढली तर तो दिवसाला ४,५०० ते ५,००० युनिटे देतो. म्हणून ६३० मेगॅवॉटच्या कोळसा केंद्राची जागा घ्यायला ३,००० मेगॅवॉटहून अधिक सौर संच हवेत. मेगॅवॉटला ४ ते ५ एकर धरले, तर १२ ते १५ हजार एकर जागा! २०२५ साली भारताच्या एकूण वीज क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू यांच्याविना चालणारी झाली. तरी प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा निम्म्याहून बराच अधिक राहिला. त्याचे एक मोठे कारण हेच.

जागा शोधता येईल. खरी अडचण वेळेची आहे. दिवे लागतात तेव्हा सूर्य मावळलेला असतो!

यावरचा एक उपाय नाशिकच्या दक्षिणेला, भंडारदऱ्याजवळ घाटघर येथे पाहायला मिळतो. तेथे एक जलाशय सह्याद्रीच्या माथ्यावर आहे, तर दुसरा खाली कोकणाच्या बाजूला. वीज शिल्लक असताना पाणी वर चढवायचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडून जनित्रे फिरवायची. २००८ साली सुरू झालेल्या या केंद्राची क्षमता २५० मेगॅवॉट आहे. ते ६ तास चालले तर १५ लाख युनिटे मिळतील. मात्र ही साठवण फुकट नाही: पाणी चढवायला ४ युनिटे खर्चली, तर उतरताना साधारण ३ परत मिळतात.

एकलहऱ्याची १४ तासांची वीज होते सुमारे ८८ लाख युनिटे. म्हणजे एका रात्रीसाठी जवळजवळ ६ घाटघर हवीत! पावसाळ्यात ऊन कमी असते, पण तेव्हाच धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांना जोराचा वारा मिळतो. ऊन, वारा, पाणी आणि मोठ्या बॅटऱ्या यांची अशी सांगड घातली, तर विजेसाठीचा कोळसा हळूहळू कमी करता येईल. ट्रक, पोलाद आणि खते यांचा प्रश्न त्याहून अवघड आहे.

विद्यार्थी मित्रहो, आठवडाभर घरच्या मीटरचे आकडे सकाळी ७ आणि संध्याकाळी ६ वाजता लिहून ठेवा. सूर्य नसताना तुम्ही किती वीज वापरता? तेवढी साठवण तुमच्या घरापुरती लागेल.