उसाच्या ट्रॉलीमागचा लाल दिवा

गळीत हंगाम सुरू झाला की सांगली-कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर रात्रीही उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर रचलेला ऊस आणि मागे मिट्ट काळोख. मोटारसायकलवाल्याला ट्रॉली दिसते ती पुढ्यात आल्यावरच. नियमाप्रमाणे मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसला पाहिजे.

दिवा लागला नाही की आपण बल्ब बदलतो. पण दोष बरेचदा अर्थिंगमध्ये असतो. बॅटरीतून निघालेला करंट दिव्यातून फिरून बॅटरीकडे परतला, तरच दिवा पेटतो. कित्येक ट्रॉल्यांना परतीची वेगळी तारच नसते, करंट हुक आणि पिनेतून परततो. त्या पिनेवर गंज, माती आणि ग्रीसचा थर साचलेला असतो. खड्ड्यात गचका बसला की जोड सुटतो आणि दिवे मिचमिचतात. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद उजळला, तर हाच दोष समजावा. नेहमीची वाट अडल्यामुळे करंट दुसऱ्या बल्बातून परततो.

याची परीक्षा सोपी आहे. ट्रॉलीच्या लोखंडावरचा रंग खरवडा आणि एका तारेने ती जागा ट्रॅक्टरच्या उघड्या लोखंडाला जोडा. दिवे लख्ख झाले, तर दोष सापडला. मग सात पिनांच्या सॉकेटमधल्या अर्थच्या पिनेपासून जाड तार थेट ट्रॉलीपर्यंत न्या आणि बोल्टाखाली घट्ट आवळा. दुसऱ्या ट्रॉलीलाही तशीच तार हवी.

तरीही अंधारच राहिला, तर प्लग काढून ट्रॅक्टरचा सॉकेट टेस्ट लॅम्पने तपासा. लॅम्पची एक तार ट्रॅक्टरच्या उघड्या लोखंडाला लावा, दुसरी अर्थची पिन सोडून बाकी एकेका पिनेला, आणि त्या त्या वेळी दिवे, ब्रेक, इंडिकेटर चालू करा. सगळीकडे लॅम्प पेटला, तर बिघाड ट्रॉलीत आहे. नाहीतर ट्रॅक्टरचा फ्यूज आणि वायरिंग पाहा. ट्रॉलीत आधी होल्डरमधला हिरवट थर खरवडा. मग हुकाजवळची वायर बोटांनी चाचपा, कारण वळणावर दुमडून ती तिथेच तुटते. इंडिकेटर भराभर लुकलुकत असेल, तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो किंवा त्याची वायर सुटलेली असते.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर सोललेली वायर कुठेतरी लोखंडाला टेकते आहे. अशा वेळी फ्यूजच्या जागी तांब्याची तार अजिबात घालू नका. वायर तापून पेटते आणि शेजारी वाळलेलं पाचट असतं.

दिवे लागले तरी लोंबणारा ऊस त्यांना झाकतो, चिखल बसतो. म्हणून ट्रॉली भरल्यावर, फडातून निघण्याआधी एकाला ब्रेक दाबायला सांगा आणि स्वतः पन्नास पावलं मागे जाऊन उभे राहा. दोन्ही लाल दिवे स्वच्छ दिसले, तरच गाडी रस्त्यावर काढा.