मोठा फोटो छापायला वेळ कुठं जातो?

मंडळी, अमरावतीत अंबादेवीची नवरात्र आली, लग्नसराई आली, की मोठ्या फोटोंची कामं एकदम अंगावर येतात. प्रिंटर मात्र आपल्याच चालीनं चालतो. हा वेळ जातो कुठं, ते आज आपण पाहू.

पहिली गोष्ट, पास. प्रिंटरचं हेड एकाच पट्ट्यावरून अनेकदा आडवं फिरतं. 8 ऐवजी 4 पास घेतले की वेळ साधारण निम्म्यावर येतो. पण सपाट रंगात रेघा दिसू शकतात. म्हणून जवळून पाहायच्या फोटोला जास्त पास, लांबून पाहायच्या बॅनरला कमी.

दुसरी, फाइल. त्याच मापाला 300 डीपीआयच्या फाइलमध्ये 72 डीपीआयपेक्षा 17 पटींहून जास्त पिक्सेल असतात. चौकातल्या बॅनरला एवढं कशाला? कॉम्प्युटर अडकतो आणि हेड मध्येच थांबतं.

तिसरी, मांडणी. 44 इंची रोलवर 12 बाय 18 चे फोटो एकाखाली एक कशाला लावायचे? तीन शेजारी बसतात, हेडच्या फेऱ्या वाचतात.

शेवटची, वाळणं. पाण्याच्या शाईचा प्रिंट दमट हवेत उशिरा सुकतो. आपल्या वऱ्हाडातला कूलरही दमटपणाच वाढवतो, बरं का! सॉल्व्हंट शाईला तर लॅमिनेशनआधी साधारण 24 तास मोकळी हवा लागते. नाहीतर वायू कोंडून फुगे येतात, अख्खं काम वाया. म्हणून गिऱ्हाइकाला वेळ देताना आपण छपाईत वाळण्याचे तासही धरायचे.